पोपटीचा यजमान वालच

रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर रात्री एक छोटीशी परीक्षा होते. मडकं पालथं घातलेलं असतं, भोवतीचा जाळ बसत आलेला असतो, आणि जमलेल्यांपैकी एखादा जाणता माणूस तांब्यात बोटं बुडवून मडक्याच्या बुडावर पाणी शिंपडतो. थेंब ‘चर्र’ करून जागच्या जागी उडाला तर पोपटी झाली. ओघळून खाली आला तर आणखी दोन झावळ्या टाकायच्या. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्यांना ही पद्धत ढोबळ वाटेल, पण तिचा निकाल सहसा चुकत नाही.

घाटावर ‘पोपटी’ म्हटलं की साडीचा रंग डोळ्यांसमोर येतो. पनवेल ओलांडून पेण, अलिबाग, रोहा, माणगावच्या बाजूला उतरलं की त्याच शब्दाने तोंडाला पाणी सुटतं. गावठी वालाच्या भरलेल्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, जाडं मीठ, ओवा आणि एक मडकं एवढ्यावर पोपटी उभी राहते. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा घोट नाही, ओव्हन तर नाहीच. तरीही बंद भांड्यात भाजून पोटभर जेवण करण्याचा मराठी मुलखातला हा बहुधा सगळ्यात अस्सल प्रकार आहे.

गेल्या काही वर्षांत हा शब्द शेतावरून रस्त्याकडेच्या फलकावर आला. डिसेंबर लागला की ‘पोपटी पार्टी’च्या जाहिराती झळकतात. शनिवारी संध्याकाळी गाड्या येतात, शेकोटी पेटते, गाणी लागतात आणि मडकं फुटल्यासारखा जल्लोष होतो. दर ठरतो तो मात्र कोंबडीवर. एका मडक्यात कोंबडी किती, मसाला कोणता, केळीच्या पानात गुंडाळलेली की नुसती, एवढीच चौकशी असते. वालाच्या शेंगा मडक्यात असतात, पण वडापावाबरोबर तळलेली मिरची असावी तशा.

कोंबडी आणि अंडी पोपटीत घालणं नवीन नाही. आगरी, कोळी, कुणबी घरांत ती पूर्वीपासून घातली जातात आणि त्यात कुणी बाटत नाही. शाकाहाराचा झेंडा घेऊन या मडक्यावर चाल करून जाण्याचं कारणच नाही. प्रश्न मानाचा आणि पैशाचा आहे. पोपटीत कोंबडी पाहुणी आहे आणि वाल यजमान. पाहुणीच्या कौतुकात यजमानाला ओसरीवर बसवलं तर काही वर्षांनी घर कुणाचं हेच आठवेनासं होईल. म्हणून बिनकोंबडीची, नुसत्या शेंगा-कंदांची पोपटी जाणूनबुजून मागायला हवी. कोंबडी सोबत असली, तरी दर आणि कौतुक दोन्ही वालाच्या वाट्याला आधी यायला हवं.

शाकाहारी पोपटी म्हणजे कोंबडी वगळून उरलेलं काहीतरी, हा समज ती एकदा नीट करून पाहिली की जातो. काम शेंगेच्या निवडीपासून सुरू होतं. दाणा भरलेला हवा, पण सालीचा हिरवेपणा जायला नको. कोवळी शेंग मडक्यात सुकून चिपाड होते, जून शेंगेचा दाणा मऊ पडत नाही. शेंगा अख्ख्याच धुवून निथळायच्या. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर द्यायचा, वर शेंगा, मधूनमधून मीठ आणि हातावर चोळलेला ओवा, मग पुन्हा पाला. शेवटी तोंडाशी पाल्याचा बोळा असा ठासायचा की मडकं उलटं केल्यावर आतला दाणाही हलू नये.

भांबुर्डा, ज्याला कुणी भामरूडही म्हणतं, हे रब्बीच्या शेतात आणि पडीक जागी आपोआप उगवणारं तण. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पानं लवदार, चुरगळली की कापराच्या जवळ जाणारा उग्र वास. तोच वास मडक्यात वाफेबरोबर शेंगेत उतरतो आणि पोपटीला पोपटीपण देतो. मसाल्याच्या डब्यातला कुठलाही जिन्नस त्याची जागा घेत नाही. वाल, भात कापल्यानंतरचं शेत आणि हे तण एकाच हंगामात एकाच ठिकाणी भेटतात, हा या पदार्थाचा खरा पत्ता आहे.

मडकं पालथं का घालतात, यामागे सरळ व्यवहार आहे. वाफ वर जाते. सुलट्या मडक्यात ती तोंडातून निसटली असती. पालथ्या मडक्यात वर मातीचं बूड असतं, त्यामुळे वाफ आतच कोंडते आणि पाल्यातून हळूहळू झिरपत बाहेर पडते. सुटलेलं पाणी शेंगांत न साठता खाली पाल्यात उतरतं, म्हणून शेंग लिबलिबीत होत नाही. तोंड जमिनीला टेकलेलं असल्याने हवा आत शिरत नाही, त्यामुळे पाला काळवंडतो पण पेट घेत नाही. बाहेर गोल पाठीवर पेंढा, पातेरा, शेणी, नारळाच्या सुक्या झावळ्या सहज रचता येतात आणि मडक्याला सगळ्या बाजूंनी आच लागते.

आत ओल आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहतं. भिंतीला चिकटलेल्या शेंगा मात्र आधी कोरड्या पडतात, त्याहून जास्त तापतात, आणि त्यांच्या सालीवर तपकिरी डाग उमटतात. एकाच मडक्यात मधल्या शेंगा वाफवल्या जातात आणि कडेच्या भाजल्या जातात. साधारण अर्धा ते पाऊण तास जाळ चालतो. पाण्याच्या थेंबाची परीक्षा केवळ चवीसाठी नाही. जून होत आलेल्या कच्च्या वालात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, पचनाला आडवी येणारी प्रथिनंही असतात, आणि नीट शिजल्यावरच त्यांचा जोर ओसरतो. अर्धकच्ची पोपटी खाऊन पोट धरून बसण्यापेक्षा एक झावळी जास्त जाळलेली बरी.

शेंगांच्या सोबतीला कंद आले की पोपटीचं पूर्ण जेवण होतं. बटाट्याला चिरा देऊन त्यात ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबिरीचं वाटण भरतात. रताळी, कोनफळ, करांदे, छोटी वांगी, मक्याची कणसंही जातात. कंद आधी, म्हणजे मडक्याच्या तळाशी घालावेत. पालथं केल्यावर तोच भाग वर येतो आणि सगळ्यात जास्त जाळ अंगावर घेतो. वाळलेल्या वालाच्या वजनात जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिनांचा असतो. ओल्या दाण्यात पाणी जास्त म्हणून तो आकडा खाली येतो, पण दोन ओंजळी शेंगा आणि एक रताळं पोटात गेल्यावर त्या रात्री आणखी काही शिजवायला कुणी उठत नाही.

असं बिनमांसाचं मडकं धंद्याला पुरत नाही, हे म्हणणं टिकत नाही. मुंबईहून अहमदाबादच्या महामार्गाने वलसाड-नवसारीच्या बाजूला गेलं की थंडीत रस्त्याच्या कडेला उबाडियूच्या टपऱ्या लागतात. पद्धत पोपटीच्या सख्ख्या बहिणीसारखी. पापडीच्या शेंगा, कोनफळ, रताळी, बटाटे, हिरव्या लसणाचं वाटण, रानपाला, आणि पालथं मडकं. किलोच्या भावाने विकतात, सोबत हिरवी चटणी आणि ताक देतात. गाड्या थांबवून लोक खातात आणि बांधूनही नेतात. गुजरातीतल्या ‘उंधियू’ या शब्दातही ‘उंधू’ म्हणजे पालथं हाच अर्थ आहे, जरी शहरांतलं उंधियू आता बहुतेक कढईत होतं.

महाराष्ट्रातही दाखले आहेत. जळगावकडच्या हिरव्या-पांढऱ्या मोठ्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते मिळालं ‘जळगाव भरीत वांगं’ या नावाने. पदार्थाचं नाव पिकाला लागलं. बामणोद, आसोद्याच्या बाजूला थंडीत काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात, लाकडी बडगीत कुटतात, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर पंगत बसते. वांगं कुठलं, हा तिथे पहिला प्रश्न असतो. बाहेरचं काळं वांगं आणून कुणी ‘खानदेशी भरीत’ वाढलं तर तिथला जेवणारा ताट पुढे सरकवून तसं तोंडावर सांगतो.

हुरड्याचं तसंच. सोलापूर, नगर, मराठवाड्यात हुरड्याला बसणारा माणूस गुळभेंडी आहे की सुरती, हे विचारतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे ज्वारीचे वाण काढले. आगटीभोवतीच्या हौसेची दखल विद्यापीठाला घ्यावी लागली, कारण त्या हौसेने ज्वारीच्या कोवळ्या कणसाला दाण्याहून वेगळा दर मिळवून दिला. हुरडा पार्टीतही आता झोके आहेत, उंट आहेत, गाणी आहेत. पण ज्वारी नसलेली हुरडा पार्टी कुणाला सुचलेली नाही. भरताने वांग्याला आणि हुरड्याने ज्वारीला जे दिलं, ते पोपटीने वालाला अजून दिलेलं नाही.

वालाला त्याची गरज आहे. हे पीक मोठं सोशीक. दिवाळीच्या आगेमागे भात कापलं जातं, शेतात ओल उरलेली असते, तिच्यावर वाल पेरतात. पाटाचं पाणी नसलं तरी उरलेली ओल, दव आणि थंडी यांच्यावर तो वाढतो. मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत बांधतो, म्हणजे पुढच्या भातालाही देणं देऊन जातो. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात. हिरव्या विकल्या नाहीत तर वेलीवरच वाळतात, आणि तेच कडवे वाल वर्षभर घरोघरी भिजवून, मोड आणून, सोलून बिरड्याला लागतात. श्रावणातल्या सोमवारी पानात पडणारं वालाचं बिरडं आणि माघातल्या थंडीतली पोपटी, दोन्ही एकाच शेतातून येतात.

अडचणीही त्याच शेतात आहेत. भात कापल्यावर गुरं मोकाट सुटतात आणि हिरवं म्हणून उभा असतो तो वालच. अवकाळी ढग आले की मावा पडतो. पाऊस लांबला की पेरणी लांबते. कुंपणाचा, राखणीचा खर्च आणि हाती येणारे पैसे यांचा मेळ बसला नाही की शेतकरी दुसरं पीक सोडून देतो, आणि शेत दिवाळीपासून जूनपर्यंत पडून राहतं. पडून राहिलेल्या शेताचा सौदा लवकर होतो.

सौद्याला गिऱ्हाईक कमी नाही. एके काळी भाताचं कोठार म्हणवणाऱ्या या जिल्ह्याच्या उत्तरेत १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवं शहर वसवलं, १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोटीने जाता येतं. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा-शेवा हा जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. मुंबईकर आता पोपटीला तास-दीड तासात पोचतो. त्याच रस्त्याने बंगल्यासाठी जमीन पाहायला येणाराही तेवढ्याच वेळात पोचतो. पुष्कळदा तो एकच माणूस असतो: रात्री पोपटी खाऊन सकाळी सात-बारा विचारतो.

मान आणि दर आधी वालाला द्या, या मागणीवर शेतकऱ्याच्या बाजूचं उत्तर तयार आहे, आणि त्यात दम आहे. कोंबडीवर नफा सुटतो, शेंगांवर सुटत नाही. पाहुण्याला मांसाहारच हवा असतो. जो पदार्थ खपतो तो विकायचा. थंडीच्या दोन-तीन महिन्यांत चार पैसे मिळवणाऱ्या कुटुंबाला परंपरेची प्रवचनं देणं सोपं आहे, त्यांच्या घरात किराणा भरणं अवघड. म्हणून कोंबडी बंद करा, असं सांगून काही होणार नाही. कोंबडीचा दर लावता तसा शेंगांचा वेगळा दर लावा, एवढं मात्र होऊ शकतं. फलकावर ‘गावठी वालाची पोपटी’ असं लिहिता येतं. शेंगा कोणत्या गावच्या, हे सांगता येतं. शेजारच्या शेतकऱ्याकडून त्या आगाऊ ठरवून घेता येतात, म्हणजे पेरतानाच त्याला गिऱ्हाईक दिसतं आणि राखणदाराची मजुरी परवडते. बचतगटांनी पाला आणि शेंगा मडक्यासकट भरून विकायचं ठरवलं तर त्यातही काम आहे, कारण शहरातल्या माणसाला यातली सगळ्यात न मिळणारी वस्तू म्हणजे भांबुर्डा.

शेंगेला असा मान मिळाला, तर पोपटी कधी खायची हा हंगामाचा प्रश्नही सुटेल. ३१ डिसेंबरची पोपटी हा नव्या कॅलेंडरचा सण आहे, वालाचा नव्हे. नोव्हेंबरात पेरलेल्या बहुतेक शेतांत तेव्हा शेंग भरलेली नसते. मग बाजारात दिसेल ती पापडी मडक्यात जाते, तिचा दाणा गोड आणि पाणचट, गावठी वालाचा कडवटपणा तिच्यात नाही. पाहुण्याला वाटतं, पोपटीत शेंगांना काही चव नसते, बरं झालं कोंबडी होती. चुकीच्या महिन्यात खाऊन पदार्थाला नावं ठेवली जातात.

ज्यांना शेतावर जाणं जमत नाही त्यांनी घरी करून पाहायला हरकत नाही. कुकरमध्ये उकडलेल्या शेंगांना मात्र पोपटी म्हणू नये. त्यात वाफ आहे, भाजणं नाही. घरच्या ओव्हनमध्ये मावेल अशी झाकणाची, बिनरोगणाची मातीची हंडी घ्यावी आणि अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी. तळाशी भांबुर्डा, तो नसेल तर केळीचं पान, वर लहान बटाटे आणि रताळ्याचे तुकडे, मग किलोभर शेंगा, मीठ, ओवा. झाकण कणकेने लिंपावं. हंडी थंड ओव्हनमध्येच ठेवावी, तापलेल्यात ठेवली तर तडकते. दोनशे अंशांवर साधारण तासभर ठेवल्यावर एक दाणा बोटांत चिरडून पाहावा. पिठासारखा मऊ फुटला पाहिजे. केळीच्या पानाने भांबुर्ड्याचा वास येणार नाही, धूरही लागणार नाही, पण वाल चांगले भाजले जातील, आणि थंडीतल्या रात्री ओव्हनमधून बाहेर आलेली हंडी टेबलावर फोडायची मजा केकला नसते.

शेतावर करणाऱ्यांनी जाळ सांभाळावा. जानेवारीत गवत वाळलेलं असतं, डोंगरउतारावर एक ठिणगी वणव्याला पुरते. भोवतालची जागा खरवडून मोकळी करावी, पाण्याची कळशी जवळ ठेवावी, आणि पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नयेत. त्यांचा धूर मातीच्या मडक्याबाहेरच राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही.

हुरड्याला जाणारा माणूस शेतकऱ्याला फोन करतो तेव्हा आधी विचारतो, कणसं भरली का? ‘अजून आठ दिवस थांबा’ असं उत्तर आलं तर तो रागावत नाही, पुढचा रविवार धरतो. पोपटीच्या फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न अजून ‘चिकन किती किलोचं?’ असा असतो. यंदा संक्रांतीच्या सुमारास रोह्याला किंवा पेणला फोन लावणाऱ्यांनी ‘शेंगा भरल्यात का?’ एवढं विचारून पाहावं. पलीकडून ‘थांबा, बघून सांगतो’ असं ऐकू आलं, तर कुणीतरी बॅटरी घेऊन वालाच्या शेतात शिरलेलं असेल.